चारटोला स्टेशनातली बिदाई

गेल्या वर्षभरात आमच्या सक्करदऱ्याच्या भिशीतल्या दोघी युरोपला जाऊन आल्या, एक बाली करून आली, आणि एकीनं काश्मीरहून इतके फोटो पाठवले की माझा मोबाईल गुदमरून बंद पडला. मी चारटोल्याला जाऊन आले. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, त्यात तुमची काही चूक नाही. नागपूरहून निघालं तर दीड-दोन तासांत माणूस तिथे पोचतो. आम्हाला अख्खी सकाळ लागली, ती का ते पुढे येईलच. परत आल्यापासून जो भेटेल त्याला मी चारटोला सांगत सुटले आहे आणि भिशीतल्या बायका आता माझा फोन उचलायला कचरतात. म्हटलं, लिहूनच काढावं.

मी मूळची कराडची. लग्न होऊन नागपुरात आले त्याला जन्म लोटला. इथल्या उन्हाची सवय झाली, सावजी रश्श्यानं नाकातून पाणी येण्याची झाली, भाषा मात्र घाटावरचीच राहिली. आमच्या शेजारच्या शालूताई म्हणतात की मी बोलायला लागले की त्यांना रेडिओ लावल्यासारखं वाटतं. शालूताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत, आणि चारटोला हे त्यांचं माहेर. तिथे त्यांचा भाऊ विलास धानाची शेती करतो. त्याच्या मुलीचं, मीनलचं, रविवारी लग्न होतं. शालूताई शनिवारीच निघणार होत्या आणि मला म्हणाल्या, चला नं वहिनी, आमचं स्टेशन पाहून घ्या, मंग नाही दिसणार. आमच्या ह्यांना विचारलं तर त्या दिवशी नेमकी मॅच होती. मी लेकीनं दिलेले नवे पांढरे बूट घातले आणि निघाले.

फाट्याच्या पुढे

एसटीत खिडकी मिळाली, शेंगदाणे मिळाले, आणि शालूताईंनी मला स्टेशनचं प्रकरण सांगायला घेतलं. इतवारीहून नागभीडकडे पूर्वी जी छोटी लाईन होती, तिच्यावर चारटोला हे एक स्टेशन. काही वर्षांपूर्वी ती गाडी बंद झाली. आता त्याच जागेवर मोठी लाईन होते आहे. मोठ्या गाडीला इतक्या लहान गावात थांबायला सवड नाही, म्हणून जुनं स्टेशन पाडायचं. आणि विलासभाऊंचा जीव त्या स्टेशनात अडकला होता.

कारण असं की चारटोल्याची प्रत्येक लेक सासरी गेली ती त्या फलाटावरून. शालूताईंची आत्या तिथूनच गेली, शालूताई तिथूनच गेल्या. मीनलची बिदाई पण फलाटावरूनच व्हावी एवढीच विलासभाऊंची इच्छा. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं सोमवारपर्यंत हात लावणार नाही असं कबूल केलं होतं, तेव्हा तिकडून काळजी नव्हती. काळजी होती मुलाकडच्यांची. नवरदेव नागपूरला लागून अमरावती रोडवर असलेल्या वाडीचा, वडलांचा ट्रकचा धंदा. लग्न लागलं की मांडवातून थेट बसमध्ये, असा त्यांचा बेत. गाडी बंद पडलेल्या स्टेशनात कशाला जायचं, हे त्यांना कोण समजावणार? मुलीचा बाप म्हणून विलासभाऊंची जीभ रेटत नव्हती.

मी विचारलं, गाडीच नाही तर तिथे बसून करता काय? शालूताई म्हणाल्या, वाट पाहतो. मी विचारलं, कशाची? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्न शेंगदाण्याबरोबर गिळला. इतक्यात कंडक्टरनं विचारलं, तुम्ही चारटोला फाट्याच्या नव्हता का? फाटा मागे जाऊन बराच वेळ झाला होता.

उतरलो तिथे एक पानठेला होता, तो बंद होता. मागे जाणारी एसटी कधी येईल ते ठेल्याच्या सावलीत झोपलेल्या कुत्र्यालाही माहीत नसावं. शालूताईंनी आजूबाजूला बघितलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, रेल्वेनं जाऊ. म्हणजे पायी, जुन्या लाईनच्या भरावावरून.

भरावावरून

रूळ केव्हाच उचलून नेले आहेत. उरली आहे ती गिट्टी, आणि कुठे कुठे नव्या मुरमाचे ढीग. गिट्टीवरून चालण्याची एक युक्ती असते म्हणे, पाय सपाट टाकायचा. शालूताई लहानपणापासून त्यावर चाललेल्या, त्या तुरुतुरु पुढे. मी मागून एकेक दगड निवडत. पण उंचावरून चालताना मुलूख असा उघडा दिसतो की पायांची तक्रार विसरावी. धान कापून झाला होता. रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, लाखोरी नावाची डाळ पेरलेली, तिला बारीक निळी फुलं आलेली. मधेमधे मिरच्या वाळत घातलेल्या. आमच्या कराडकडे शेत म्हणजे ऊस, आणि ऊस माणसाच्या वर जातो, त्यापलीकडचं काही दिसत नाही. इथे नजर टाकली की ती पार पळसाच्या रानापर्यंत जाते आणि तिथून आरामात परत येते. मला हे फार आवडलं. नागपुरात इतकी वर्षं राहून मी हे कधी बघायला आले नव्हते याचा जरा रागही आला.

या आनंदात मी भरावाच्या कडेवरून घसरले आणि खालच्या बांधीत, जिथे नेमकं पाणी राहिलं होतं, उभीच्या उभी उतरले. लागलं काही नाही. बूट मात्र घोट्यापर्यंत चारटोल्याचे झाले. शालूताई हसून हसून गिट्टीवरच बसल्या आणि म्हणाल्या की आता तुम्ही पाहुण्या नाही राहिल्या.

थोड्या वेळानं तलाव दिसला, मालगुजारांच्या काळातला, पाळीवर अर्जुनाची झाडं असलेला. आणि तलावाच्या बाजूला स्टेशन. कल्पना करा, एक दगडी खोली, तिला लागून पडवी. तिकिटाची खिडकी इतकी लहान की हात आत गेला तर मूठ मिटून बाहेर येऊ नये. पुढे गुडघाभर उंचीचा फलाट, त्यावर एक दगडी बाक आणि चारोळीचं जुनं झाड. पिवळ्या पाटीवरचं नाव अर्धं उडालेलं. इतकं चिमुकलं सगळं की मला पटकन मायाच आली.

मग शालूताई एकदम झपझप चालायला लागल्या. खोलीच्या छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, काढून झाली होती आणि शेजारी पिवळं जेसीबी उभं होतं.

चारटोला, शनिवार

फलाटावर विलासभाऊ सुपरवायझरशी बोलत उभे होते. विलासभाऊ ठेंगणे, चटपटीत, हाताला मुलीची हळद लागलेली. घरात हळद सोडून ते यंत्राचा आवाज ऐकून धावत आले होते. सुपरवायझर छत्तीसगढचा, तरुण आणि नम्र होता, आणि मला वाटतं त्यालाही वाईट वाटत होतं. पण त्याला वरून फोन आला होता. यंत्र रविवारी संध्याकाळी पुढच्या कामावर हवं होतं, तेव्हा सोमवार विसरा. विलासभाऊंनी त्याला लग्नाचं आमंत्रण दिलं, चहा दिला, हात जोडले. शेवटी तो म्हणाला, "बिल्डिंग तो आज जाएगी, भैया. प्लॅटफॉर्म कल सूरज ढलने तक छोड़ देता हूँ. उसके बाद मेरे हाथ में नहीं है."

विलासभाऊंनी हिशोब केला. लग्न बाराला. म्हणजे चारटोल्याच्या बाराला. जेवणं, फोटो, आणि हिवाळ्यातला दिवस. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

खोली पडायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. गावातली बरीच माणसं येऊन उभी राहिली होती. कुणी रडलं-बिडलं नाही. धूळ बसल्यावर दोघांनी पुढे होऊन चांगली कवेलू गोठ्यासाठी वेचून घेतली, आणि सुपरवायझरनं तोंड फिरवून त्यांना वेचू दिली. मला मात्र वाईट वाटलं. तासाभरापूर्वी मी ते स्टेशन पाहिलंही नव्हतं, तरी वाटलं. विलासभाऊंना ते दिसलं असावं, कारण त्यांनी बाकावरची धूळ पंच्यानं झटकली आणि म्हणाले, बसा ताई, तुमाले सांगतो. आणि घरात हळद चालू असताना ते मला स्टेशनची गोष्ट सांगत बसले.

चारटोल्याला स्टेशन मिळालं ते तलावामुळे. वाफेच्या इंजिनाला तहान फार, आणि या टापूत भरवशाचं पाणी इथेच. इंजिन पाणी पीत उभं राहायचं, तेवढ्यात माणसं चढायची-उतरायची. म्हणून फलाट आला, फलाट आला म्हणून खोली, खोली आली म्हणून मास्तर. विलासभाऊंच्या मते रेल्वेनं चारटोल्यासाठी काहीएक केलेलं नाही, जे केलं ते इंजिनासाठी. पण इंजिनासाठी जो नळ आणला, तो फलाटाच्या टोकाला होता. त्या काळी गावात दोन विहिरी होत्या आणि विलासभाऊंच्या टोल्यातल्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, माणसांना दोन्हीवर घागर टेकवायला बंदी. नळ रेल्वेचा. त्याला कुणाची जात ठाऊक नव्हती, आणि पहिल्या मास्तरानंही ती विचारायची तसदी घेतली नाही. ज्यानं घागर लावली त्याचं पाणी. त्यामुळे टोल्यातल्या बायका दिवसातून दोनदा स्टेशनात यायच्या, गाडी असो नसो.

मग छप्पन सालचा दसरा आला. नागपूरला दीक्षा घ्यायला जायचं म्हणून अख्खा टोला पांढरे कपडे घालून या फलाटावर येऊन बसला. पांढरी लुगडी कुठून असणार? बायका नवऱ्यांची धोतरं धुऊन, लुगड्यासारखी नेसून आल्या. गाडी लेट. बसले ते बसलेच. कुणी म्हणे, येणारच नाही. कुणी म्हणे, आली तरी भरून येईल, आपल्याला घेणार नाही. शेवटी फलाटाच्या टोकावर उभ्या असलेल्या विलासभाऊंच्या आजीला झाडीमागे धूर दिसला आणि ती ओरडली, "आली." मग सगळे उठले, टपावर, पायरीवर, जागा मिळेल तिथे चढले.

"जे गेले ते वापस आलेच नाही, ताई," विलासभाऊ म्हणाले. "आले ते दुसरेच आले."

तेव्हापासून चारटोल्यात असं झालं की आयुष्य बदलायला कुणी निघालं, तर ते या फलाटावर बसून निघतं. नोकरीला, कॉलेजला, सासरी, आणि दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर. गाडी होती तोवर यात कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. गाडी बंद झाली त्या पहिल्या दसऱ्याला टेम्पो ठरवला होता. तो डांबरी रस्त्यावर उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि गाव मात्र सवयीनं फलाटावर येऊन बसलेलं. बसलं ते ठीक, पण उठायचं कधी? गाडी यायची तेव्हा वाट पाहणं आपोआप संपायचं. आता संपवायचं कुणी? एकमेकांकडे बघत सगळे ओशाळून बसून राहिले. तेव्हा मीनल, जी त्याच दिवशी नर्सिंगच्या कॉलेजला नागपूरला निघाली होती, उठून उभी राहिली आणि म्हणाली, आली. सगळे हसले, उठले आणि टेम्पोकडे चालायला लागले.

त्या दिवसापासून तोच रिवाज झाला. जो जाणार, तोच म्हणणार. राहणाऱ्यानं म्हणायचं नाही. मी विचारलं, का बरं? विलासभाऊ म्हणाले, "आपण म्हटलं तं हाकलल्यावानी होते नं."

लांब पोळ्या

दुपारच्या जेवणाबद्दल लिहिलं नाही तर शालूताई माझ्याशी बोलणार नाहीत. हळदीचं जेवण अंगणात होतं. तीन चुलींवर उपडी मडकी ठेवलेली आणि मडक्यांवर लांब पोळ्या भाजल्या जात होत्या. पीठ इतकं सैल की ते पोळी होईल यावर माझा विश्वास बसेना. बायका ते दोन्ही हातांवर घेऊन झेलत झेलत वाढवतात, कोपरापर्यंत आलं की मडक्यावर पांघरतात. मीही पदर खोचून पुढे झाले. माझी पोळी अर्धी मडक्यावर, अर्धी चुलीत आणि थोडी बुटावर पडली. बूट तसेही कामातून गेलेच होते. आमच्याकडच्या पुरणपोळीबद्दल मी पूर्वी नागपुरात बरंच ऐकवत असे, ते यापुढे बेतानं.

पोळ्यांबरोबर पोपटाचे दाणे घालून केलेली वांग्याची भाजी होती. पोपट म्हणजे इथला एक वाल, हिरवागार. सुपरवायझर आणि त्याचा जेसीबीवालाही पंगतीत होते. त्यांना विलासभाऊ स्वतः आग्रह करकरून वाढत होते. ज्यानं सकाळी स्टेशन पाडलं त्याला दुपारी इतक्या प्रेमानं जेवू घालणं मला जमलं नसतं. मी तसं म्हटलं, तर विलासभाऊ म्हणाले की उद्यापर्यंत फलाट त्याच्याच हातात आहे, ताई, आणि तसाही पोरगा चांगला आहे.

मीनलशी मी तेव्हा पहिल्यांदा बोलले. हळदीनं पिवळी, बडबडी, हसरी मुलगी. वाडीच्या एका दवाखान्यात नोकरी करते, नवरदेव तिथेच भेटला. मी तिला म्हटलं, तुझा रिवाज मला फार आवडला. ती लाजली. म्हणाली, मावशी, तेव्हा मला नुसती कॉलेजची घाई झाली होती.

रविवार

वऱ्हाड वाडीहून मोठ्या बसमधून आलं, आणि वेळेवर आलं, त्यामुळे चारटोल्याची फार धांदल उडाली. नवरदेवाचे वडील नामदेवराव सगळ्यांत आधी उतरले. धिप्पाड, गॉगल लावलेले, कानाला फोन. एका हातानं विलासभाऊंना मिठी मारली आणि फोनवर कुठल्याशा ड्रायव्हरला विचारलं की कोंढाळी सोडली का. दिवसभर त्यांचे ट्रक रस्त्यानं कुठे पोचले ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

लग्न साधं आणि सुरेख झालं. आमच्याकडे मुहूर्ताची घटका चुकू नये म्हणून मामाचा जीव वर-खाली होत असतो. इथे सगळे जमले हाच मुहूर्त. मीनल निळ्या काठाची पांढरीशुभ्र साडी नेसली होती. त्रिशरण-पंचशील झालं, दोघांनी एकमेकांना वचनं दिली, ती सगळ्यांना ऐकू जातील अशी आणि समजतील अशी, आणि आम्ही अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकल्या. तांदूळ पायदळी गेला नाही याचं मला बरं वाटलं. मग वडाभात, त्यावर गरम फोडणीचं तेल, बुंदी आणि मठ्ठा.

उन्हं तिरपी व्हायला लागली होती आणि विलासभाऊंनी अजून विषय काढला नव्हता. दोनदा ते नामदेवरावांजवळ गेले, दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा बुंदी वाढून परत आले. शालूताईंनी मला कोपऱ्यात घेतलं. माझी भाषा पुस्तकी, मी बाहेरची, वयानं मोठी, मला नामदेवराव पटकन नाही म्हणू शकणार नाहीत, असा त्यांचा डाव. मी आयुष्यात कधी सोयरिकीत पडलेली नाही. तरी गेले.

नामदेवरावांनी खुर्ची दिली. मी तलाव, इंजिन, नळ, छप्पन साल, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं की मुलीला थोडा वेळ तिथे बसू द्या, सूर्य मावळला की फलाट जाणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग जोरात हसले. म्हणाले, बाई, आमचा जन्म रोडवर गेला, रेल्वेनं आमचं भाडं खाल्लं, आणि तुम्ही मला रेल्वेच्या पाया पडायला लावता? मग गंभीर झाले. अंधाराच्या आत वाडीला पोचायचं होतं, संध्याकाळी अमरावती रोडवर ट्रकांची गर्दी होते. भरलेली गाडी निघाली की मधे थांबवायची नाही हा त्यांचा नेम. आणि सगळ्या भाऊबंदांना घेऊन, नसलेल्या गाडीची वाट बघत बसलो तर वाडीत वर्षभर लोक हसतील, ते वेगळंच. मी खरं तेच म्हटलं, की मला स्वतःला हे सगळं कालच कळलं, पण खोली पडताना मला वाईट वाटलं.

त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "पाच मिनिटं. तुमच्यासाठी."

फलाट

पांदणीनं बस जाईना. अख्खं वऱ्हाड पायी निघालं. जरीच्या साड्या, उंच टाचा, कडक इस्त्रीचे सफारी, आणि दोन्ही बाजूंना लाखोरीची फुलं. नवरदेवाच्या एका आत्यानं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चप्पल हातात घेतली, मग सगळ्यांनीच घेतल्या. मी माझ्या मळक्या बुटांत तोऱ्यात चालले होते.

खोलीच्या जागी दगडांचा ढीग होता. जेसीबी न्यायला लांब ट्रेलर येऊन उभा होता आणि सुपरवायझर हात मागे बांधून झाडाखाली. मीनल बाकावर बसली, शेजारी नवरदेव. चारटोल्याची माणसं फलाटाच्या काठावर पाय सोडून ओळीनं बसली, हे त्यांना न सांगता येतं. वाडीची माणसं आधी उभी राहिली, मग एकेक करून बसली. सगळ्यांनी नागभीडच्या बाजूला तोंड केलं, कारण नागपूरची गाडी तिकडून यायची. समोर रिकामा भराव आणि त्यावर ऊन. मला वाटलं होतं की हसू येईल. नाही आलं.

पाच मिनिटं झाली असतील. मीनल काही म्हणाली नाही. आणखी तेवढीच झाली असतील. नवरदेवानं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. विलासभाऊ फलाटाच्या काठावर बसले होते, त्यांची पाठ मला दिसत होती. सुपरवायझरनं एकदा सूर्याकडे बघितलं, तो पळसांना टेकत आला होता. शालूताई वाकून हळूच म्हणाल्या, म्हण नं वं, पोरी.

मीनल म्हणाली, "मी म्हटली तं संपलंच नं, आत्या."

ते सगळ्यांनी ऐकलं. चारटोल्यातल्या कुणालाही यावर काही करता येत नव्हतं, कारण ते सगळे राहणारे. त्यांनी म्हणायचं नव्हतं. विलासभाऊंनी वळून बघितलंसुद्धा नाही. आपण कुठून या भानगडीत पडलो असं मला झालं. मी वाडीच्या माणसाकडून पाच मिनिटं मागून घेतली होती, ती कधीच उलटली होती, आणि ही मुलगी आता उठणार नव्हती.

तेवढ्यात नवरदेवाच्या आईनं नामदेवरावांना कोपर मारलं. म्हणाली, तुम्ही बी जाणारेच नं? मंग तुम्ही म्हणा. खरंच होतं ते. वाडीचा प्रत्येक माणूस जाणाराच होता. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. नामदेवरावांचा फोन वाजला. त्यांनी तो न बघता बंद केला, गॉगल काढून खिशात ठेवला आणि उठले. फलाटाच्या अगदी कडेला गेले, गाडी बघायला लोक वाकतात तसे वाकले, डोळ्यांवर हात धरून त्या रिकाम्या भरावाकडे नीट, बराच वेळ बघितलं. आता म्हणतात, असं वाटून मीनलनं पदर मुठीत धरला.

नामदेवराव वळले. "लेट आहे गाडी," ते म्हणाले. "बसा आरामात."

आणि विलासभाऊंना थोडं सरकायला सांगून, त्यांच्या शेजारी पाय सोडून बसले.

आधी शालूताई हसल्या, मग सगळा फलाट. विलासभाऊ हसत होते आणि पंच्यानं डोळे पुसत होते. कुणीतरी चहा आणायला पळालं. सुपरवायझर ट्रेलरच्या ड्रायव्हरजवळ गेला, काहीतरी बोलला, आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. चहा आला, तो आम्ही गुळाच्या चिक्कीबरोबर प्यायलो. वाडीच्या आत्याबाई चारटोल्याच्या बायकांना विचारत होत्या की गाडीला नेहमीच इतका उशीर व्हायचा का, आणि त्या सांगत होत्या की याहून जास्त. नामदेवराव विलासभाऊंना लाखोरीचं पीक आणि भाव विचारत होते. मीनल मधेच रडली, मधेच हसली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसली. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातली कुठलीही गाडी मी इतक्या आनंदात चुकवलेली नाही.

सूर्य गेला. भरावावर थोडा उजेड राहिला होता. मीनलनं कप खाली ठेवला, उठली आणि वडलांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आली."

विलासभाऊ ताडकन उठले. तिची बॅग त्यांनी खांद्यावर टाकली, धोतराचा सोगा सावरला.

"चाल बाई, लवकर चाल," ते म्हणाले, "जागा पकडा लागते." आणि ते भरावाच्या दिशेनं धावत सुटले, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे, जाणारे आणि राहणारे.